सरखेलांची वाटणी

कान्होजी आंग्रे वारले ते 4 जुलै 1729 रोजी, भर पावसाळ्यात. नारळी पौर्णिमेला अजून अवकाश होता. आरमार किनाऱ्याला ओढलेलं, गलबतं झापांनी शाकारलेली, खलाशी आपापल्या गावी भाताच्या लावणीत गुंतलेले. दर्या बंद असल्याने शत्रूला लगेच हालचाल करता येणार नव्हती. मुलांना विचार करायला दोन महिने मिळाले, एवढाच त्या मुहूर्ताचा फायदा.

मागे राहिलेला पसारा मोठा होता. मुंबईच्या तोंडाशी खांदेरी, अलिबागेसमोर पाण्यात कुलाबा, हर्णैला सुवर्णदुर्ग, वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग. मधूनमधून जंजिरेकर सिद्दीचे तुकडे होते, पण आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत सुखाने जात नसे. इंग्रजांचं म्हणणं होतं की त्यांना असलं दस्तक लागत नाही. मग त्यांची जहाजं धरली जात आणि इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत.

मुलगे सहा: सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. थोरल्या मथुराबाईंचे पहिले दोन, बाकीचे इतर घरचे. इंग्रज लेखकांनी पुढे औरस-अनौरस असा हिशोब मांडला आणि भांडणाचं सगळं कारण त्यात शोधलं. मला तो हिशोब अपुरा वाटतो, कारण सर्वांत कडवी झुंज देणारा तुळाजी त्या हिशोबाने अनौरस ठरतो आणि दर्यावर बापाची सर आली असेल तर ती त्यालाच.

खरी अडचण वेगळी होती. कान्होजींच्या पाठीमागे दोन गोष्टी उरल्या. एक घरची मिळकत: गावं, वाडे, पैसा, तारवं. तिची भावाभावांत वाटणी होऊ शकते, कोकणात ती रोजच होत असते. दुसरी गोष्ट सरखेली, म्हणजे मराठी आरमाराचं सेनापतिपद. ते छत्रपतींनी द्यायचं, त्याची वस्त्रं साताऱ्याहून यायची, आणि त्याची वाटणी होत नाही. होऊ नये, म्हणा. झाली ती कशी, हीच ही कथा.

अशा घरांची आठवण काढली की वाचलेल्या माणसाला रोमचे सीझर आठवतात. तिथेही गादीला वारसाचा लिखित नियम नव्हता. इ. स. 55 मध्ये नीरोच्या पंगतीत त्याचा सावत्र भाऊ ब्रिटॅनिकस विष घेऊन पडला, चार वर्षांनी नीरोने आईलाही मारवलं. त्याच शतकात रोमन व्यापाराची जहाजं आपल्या चौलच्या बंदराशी परिचित होती. ग्रीक दर्यावर्दी त्याला सेमुल्ल म्हणत. म्हणजे सीझरांच्या घरातल्या बातम्या कुलाब्याच्या किनाऱ्याला अगदीच परक्या होत्या असं नाही. पण रोममध्ये बाहेरचा पंच नव्हता, जे काय व्हायचं ते राजवाड्यात. अलिबागेत पंचांची रांग लागली होती: साताऱ्याला छत्रपती शाहू, पुण्याला पेशवा, धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामी, रेवदंड्याला पोर्तुगीज, मुंबईला इंग्रज. आणि यातला कुणीही फुकट पंचाईत करणारा नव्हता.

पहिली चार वर्षं तरी बरी गेली. थोरला सेखोजी कुलाब्याला बसला. स्वभावाने तो मिळून राहणारा असावा, कारण तो होता तोवर पाच भाऊ एका छत्राखाली नांदले. संभाजीची धुसफूस होती, ती सेखोजीने घराबाहेर जाऊ दिली नाही. आई मथुराबाई आणि हे दोघे मुलगे यांचा ब्रह्मेंद्रस्वामींशी पत्रव्यवहार होता. हे स्वामी पूर्वी चिपळूणजवळ परशुरामाला राहत. 1727 मध्ये अंजनवेलच्या सिद्दी साताने तिथलं देवस्थान उद्ध्वस्त केलं तेव्हा ते रागारागाने घाटावर धावडशीला गेले आणि सिद्दीचा नायनाट करा म्हणून छत्रपती, पेशवे, आंग्रे सगळ्यांच्या मागे लागले. बड्या घरांना ते कर्जही देत. राजवाड्यांनी आणि पारसनिसांनी त्यांचे कागद छापले आहेत. ते वाचताना या संन्याशाचं वसुलीवरचं लक्ष पाहून हसू येतं, पण एक मान्य करावं लागतं: आंग्र्यांच्या घरातल्या बायका-मुलांना मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती.

1733 मध्ये स्वामींच्या मनासारखं घडू लागलं. जंजिऱ्याचा सिद्दी रसूल वारला आणि त्याच्याच घरात गादीवरून भांडण पेटलं. थोरला मुलगा अब्दुल्ला विरोधकांनी मारला, अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान मराठ्यांच्या आश्रयाला आला. एकाच किनाऱ्यावर, वीस-पंचवीस मैलांच्या अंतरात, दोन दर्यावर्दी घराणी. एकाची भाऊबंदकी उघडी पडली होती, दुसऱ्याची झाकलेली होती. बाजीराव मे महिन्यात राजपुरीला उतरला. जूनमध्ये रायगड परत मिळाला, तोही प्रतिनिधींनी परस्पर किल्लेदार फोडून, त्यामुळे पेशवा आणि प्रतिनिधी यांच्यात कुरबुर. जंजिरा मात्र पाण्यात. तो घ्यायचा तर आरमार हवं आणि आरमार सेखोजीकडे.

ऑगस्टच्या अखेरीस सेखोजी अचानक वारला. मोहिमेचा कणाच गेला. डिसेंबरात बाजीरावाने सिद्दीशी तात्पुरता तह केला आणि तो परत गेला. जंजिरा मराठ्यांना मिळाला नाही, पुढेही कधी मिळाला नाही. त्याची कारणं अनेक सांगितली जातात. सेखोजी आणखी सहा महिने जगता तर, असं मनात येतं खरं, पण भिंती तशाच राहिल्या असत्या.

सरखेलीची वस्त्रं संभाजीला मिळाली. संभाजी धाडसी, तापट आणि कोणाचं ऐकून न घेणारा. त्याचा ओढा दक्षिणेकडे, विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडे होता. उत्तरेला कुलाब्यावर भावांना ठेवून तो खाली गेला. मानाजीला वाटलं, आपण काय चाकर? मानाजी संभाजीपेक्षा थंड डोक्याचा होता. तो रुसला, घर सोडून निघाला आणि गेला तो सरळ पोर्तुगीजांकडे.

इथे जरा मागे जायला हवं. बाराच वर्षांपूर्वी, डिसेंबर 1721 मध्ये, याच पोर्तुगीजांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून कुलाब्यावर चाल केली होती. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः आलेला, इंग्रजांच्या शाही आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज जहाजं घेऊन उभा. शिड्या तटाला लागल्या, माणसं वर चढलीही, आणि कान्होजींच्या शिबंदीने ती परत खाली फेकली. बाजीराव घोडदळ घेऊन मदतीला आला आणि दोस्तांचा फज्जा उडाला. मथितार्थ असा की कुलाबा परक्यांना घेता आला नव्हता.

1734 च्या सुमारास तो मानाजीने पोर्तुगीजांच्या मदतीने घेतला. शिड्या पुन्हा त्याच तटाला लागल्या, या वेळी वर चढणाऱ्याला प्रत्येक बुरुज, प्रत्येक चोरवाट तोंडपाठ होती. कुलाब्याला ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, भरतीला तो बेट होतो. कोणत्या तिथीला किती वाजता पाणी उतरतं हे बाहेरच्याने शिकायचं आणि घरच्याने जन्मापासून जाणायचं. तलवार हातात घेऊन मानाजी आत शिरला. आत येसाजी होता. मानाजीने त्याला कैद केलं आणि त्याचे डोळे काढवले.

आंधळा माणूस गादीवर बसत नाही, हा त्या काळचा सरळ हिशोब. ठार मारलं तर भावाच्या खुनाचं पातक आणि लोकांचे शिव्याशाप. डोळे काढले की माणूस जिवंत आणि दावा मेला. मोगलांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. पण हिशोबात एक चूक राहिली. येसाजीचा दावा मेला असेल, वंश मेला नव्हता. ते प्रकरण साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा उघडलं.

आता संभाजी चिडून उत्तरेला आला आणि मानाजीची घुसमट सुरू झाली. पोर्तुगीजांना मदतीच्या बदल्यात मुलूख कबूल केला होता, तो काही तो देईना, त्यामुळे तेही फिरले. मानाजीने पुण्याकडे धाव घेतली. फेब्रुवारी 1735 मध्ये बाजीराव कुलाब्याला आला.

बाजीरावाने दिलेला निवाडा दोन ओळींचा आहे. संभाजीने सरखेल म्हणून विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडचा दक्षिण भाग सांभाळावा. मानाजीने कुलाबा आणि उत्तरेचा भाग घ्यावा, त्याला किताब वजारतमाब. मोबदल्यात मानाजीने राजमाची आणि कोथळीगड हे बोरघाटाच्या अंगाचे दोन किल्ले पेशव्याला द्यावेत.

राजमाचीचं नाव इथे नीट ऐकावं. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणलं, तेव्हा कान्होजींनी जिंकलेले बाकीचे घाटावरचे किल्ले परत केले. राजमाची तेवढी सोडली नाही. त्या बदल्यात सव्वीस लहानमोठी ठाणी त्यांना मिळाली. राजमाचीवरून बोरघाट दिसतो. घाट ज्याच्या नजरेखाली, त्याला पुण्याहून कोकणात उतरणारं सैन्य आधी कळतं. बापाने पेशव्याच्या बापाला जे दिलं नव्हतं ते मुलाने पेशव्याला भावाचा बंदोबस्त करण्यासाठी देऊन टाकलं. तेव्हापासून पुण्याचं लष्कर अलिबागेला विचारून उतरण्याचं कारण उरलं नाही.

बाजीरावाची बाजू अशी की भावाभावांच्या भांडणात गुंतून पडायला त्याला वेळ नव्हता, माळवा-बुंदेलखंड समोर होतं आणि दोघांनाही काहीतरी देऊन वाट मोकळी करणं व्यवहाराचं होतं. हे खरं मानलं तरी मला वाटतं, कान्होजींचं आरमार बुडालं ते त्या महिन्यात. पेशवाईला दोन दुबळे आंग्रे एका तगड्या आंग्र्यापेक्षा सोयीचे होते, ही गोष्ट निवाड्याच्या कागदात लिहिलेली नसली तरी राजमाचीच्या अटीत ती दिसतेच.

मुंबईकर इंग्रज हे सगळं डोळे उघडे ठेवून पाहत होते. त्यांनी कॅप्टन इंचबर्डला मानाजीकडे पाठवलं, पैसा आणि दारूगोळा देऊन. हेतू साधा: मानाजीला संभाजीविरुद्ध तापत ठेवायचं. संभाजीनेही 1735 च्या डिसेंबरात ‘डर्बी’ नावाचं विलायतेहून येणारं मोठं जहाज धरून इंग्रजांना आपलं उत्तर कळवलं. एका भावाला दारू पुरवायची आणि दुसऱ्याने आपलं जहाज पळवायचं, असा कंपनीचा तो काळ होता. मानाजी इंग्रजांचाही झाला नाही. पोर्तुगीजांविरुद्ध चिमाजीअप्पाने वसईची मोहीम काढली तेव्हा तो मराठ्यांच्या बाजूने होता, आणि 1736 च्या एप्रिलमध्ये चिमाजीने रेवसजवळ सिद्दी साताला मारलं तेही त्याच्याच मुलखात. स्वामींची इच्छा निदान तेवढी पुरी झाली.

1740 मध्ये संभाजीने शेवटचा मोठा डाव टाकला. तो आरमार घेऊन अलिबागेवर आला. चौल घेतलं, हिराकोट घेतला, कुलाब्याचं गोडं पाणी तोडलं. हिराकोट म्हणजे अलिबाग गावातला, कान्होजींनी 1720 मध्ये काळ्या दगडात बांधलेला कोट. किनाऱ्यावरचा तो कोट हातचा गेला की समोर समुद्रात उभा असलेला किल्ला रसद कुठून आणणार? मानाजीने पुन्हा पुण्याला आणि या वेळी मुंबईलाही हाक मारली. चिमाजीअप्पा आणि बाळाजी, म्हणजे पुढचा नानासाहेब पेशवा, जमिनीकडून आले. इंग्रजांची जहाजं समुद्राकडून आली आणि त्यांनी संभाजीचं आरमार मागे रेटलं. पेशव्यांचं सैन्य आणि इंग्रजांचं आरमार एका आंग्र्यावर मिळून उठलं, त्याची ही पहिली तालीम. संभाजी माघारी सुवर्णदुर्गाकडे गेला.

या धामधुमीतच चुलत्या-पुतण्यांना कुलाब्याला बातमी मिळाली की नर्मदेच्या काठी रावेरखेडीला 28 एप्रिलला बाजीराव वारले. चिमाजीचा हा भाऊ. चिमाजी खंगलेलाच होता, तोही त्याच वर्षी डिसेंबरात गेला. या दोघा भट भावांत सत्तेवरून कधी शब्दाला शब्द लागल्याचं ऐकिवात नाही. एका घरात इतका एकजीवपणा आणि समोरच्या घरात ही गत, आणि निवाडा पहिल्याने दुसऱ्याचा करायचा. मथुराबाईंना त्या वर्षी काय वाटलं असेल? पोटचा मुलगा बाहेरून तोफा डागतोय, सवतीचा मुलगा आतून.

संभाजी 1742 मध्ये वारला. दक्षिणेची गादी तुळाजीकडे आली. तुळाजीने 1745 मध्ये सिद्दीकडून अंजनवेल घेतलं, जे बापाला जमलं नव्हतं. 1749 मध्ये इंग्रजांचं ‘रेस्टोरेशन’ पकडलं, डचांची जहाजं जाळली. त्याची निष्ठा छत्रपतींशी होती. पेशव्याला तो सरकारातला एक चाकर समजे, आपल्याच बरोबरीचा. शाहू 1749 च्या डिसेंबरात गेले आणि हा फरक सांभाळून घेणारा माणूसच उरला नाही. पेशव्यांच्या रयतेची गलबतं तो लुटी, कोकणस्थांशी त्याचं वाकडं होतं, हे सगळं खरं. त्याचा बंदोबस्त करायचा म्हणून नानासाहेबाने 1755 मध्ये मुंबईच्या इंग्रजांशी करार केला.

पुढचं शाळेच्या पुस्तकातही आहे. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला. त्याच्या विधवेने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी बुरूज बांधला, सुवर्णदुर्गाचं नाव इंग्रजी वळणाने मिरवत तो अजून उभा आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाखाली आले. तोफेच्या माऱ्याने बंदरातल्या ‘रेस्टोरेशन’ला आग लागली, ती शेजारच्या गुराबांना आणि गलबतांना लागली, दोरखंडांनी एकमेकांना बांधलेलं सगळं आरमार एका संध्याकाळी जळालं. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत येऊन बसला होता, तो कैद झाला आणि कैदेतच मेला. किल्ल्यात दहा लाखांच्या आसपास ऐवज सापडला, तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला आणि दोस्ताला दाखवलाही नाही. कुलाब्याचं आरमार तुळाजीच्या मदतीला गेलं नाही.

नानासाहेबाने स्वतःचंच आरमार बुडवलं, हा आरोप मराठीत दीडशे वर्षं चालू आहे आणि तो टाळता येणारा नाही. पण 1756 मध्ये जळालं ते अर्धं आरमार होतं. उरलेलं अर्धं एकवीस वर्षांपूर्वीच तोडून वेगळं ठेवलेलं होतं, आणि विजयदुर्ग पेटल्यावर त्याचाही कोणाला धाक उरला नाही.

मानाजी दोन-तीन वर्षांनी वारला. त्याचा मुलगा रघुजी शहाणा निघाला. त्याने पेशव्यांशी जमवून घेतलं, कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ बांधलं आणि 1793 पर्यंत राज्य केलं. चौतीस वर्षं कुणी कुणाचे डोळे काढले नाहीत, ही या घराण्यात सांगण्यासारखीच गोष्ट.

रघुजी गेला, वारस धाकटा मानाजी अज्ञान. लगेच एका बाजूला विधवा आनंदीबाई, दुसऱ्या बाजूला घराण्यातलाच जयसिंग आंग्रे. दोघांच्या पक्षांत कापाकापी झाली. मग मदतीला बोलावलं कुणाला? ग्वाल्हेरच्या शिंद्यांना. आणि शिंद्यांच्या पदरी होता बाबूराव आंग्रे, दौलतरावांच्या नात्यातला, डोळे काढलेल्या येसाजीच्या वंशातला. बाबूराव पंचाईत करायला म्हणून आला. 1799 मध्ये त्याने अज्ञान मानाजी आणि जयसिंग दोघांनाही कैदेत टाकलं आणि कुलाब्याच्या गादीवर स्वतः बसला.

त्याला एकटीने तोंड दिलं ते जयसिंगाच्या बायकोने. सकवारबाईने खांदेरी धरली. थळच्या समोरचं ते खडकाळ बेट, आज तिथे दीपगृह आहे आणि मासेमारांचा वेताळ आहे. कान्होजींनी ज्या बेटावरून मुंबईला जरब बसवली, त्या बेटावरून त्यांच्या घरची सून त्यांच्याच घरच्या माणसाशी लढत होती. किल्ला हटेना म्हणून बाबूरावाने निरोप धाडला, खांदेरी सोड, नवरा सोडतो. तिने खांदेरी सोडली. जयसिंगाला मारण्यात आलं आणि तिला कैद झाली.

1813 मध्ये बाबूराव वारला आणि मानाजीला गादी परत मिळाली. दुसऱ्या बाजीरावाने ती मान्य करण्याची किंमत ठरवली: खांदेरी आणि दहा हजार उत्पन्नाची वीस गावं. राजमाचीपासून सुरू झालेला हप्ता अजून फिटला नव्हता. 1817 मध्ये दुसरा रघुजी आला, कारभार दिवाण विनायक परशुराम बिवलकरांच्या हाती गेला. 1822 च्या तहाने कुलाबा संस्थान इंग्रजांचं मांडलिक झालं आणि नव्या वारसाला मान्यता देण्याचा हक्क कंपनीकडे गेला. गादीवर कोण बसणार हे ठरवायला आता साताऱ्याची वस्त्रं नकोत, पुण्याचा निवाडा नको.

डिसेंबर 1838 मध्ये रघुजी वारला. महिन्याभराने त्याच्या विधवेला मुलगा झाला. नाव ठेवलं कान्होजी. ते मूल काही जगलं नाही. राणी यशोदाबाईंनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली, कंपनीने ती नाकारली आणि 1840 मध्ये संस्थान खालसा केलं. दत्तक नामंजूर म्हटलं की आपण सातारा आणि झाशीची नावं घेतो, डलहौसीला दोष देतो. डलहौसी हिंदुस्थानात आला 1848 मध्ये. अलिबागेचा निकाल त्याच्या आठ वर्षं आधी लागला होता, आणि त्याविरुद्ध शस्त्र उचलायला किनाऱ्यावर एकही आंग्रे उभा राहिला नाही. घराण्याची जी शाखा जोमाने टिकली ती ग्वाल्हेरला, समुद्रापासून कित्येक कोस दूर, शिंद्यांची सरदारकी करत.